आधी तार, मग हार

जळक्या प्लास्टिकचा वास खोटं बोलत नाही. खोटं माणसं बोलतात, आणि सगळ्यात आधी स्वतःशी. कांचनला तो वास पहिल्यांदा आला तेव्हा ती म्हणाली, पुढच्या टेम्पोचा असेल. पुन्हा आला तेव्हा म्हणाली, कुणीतरी कडेला कचरा पेटवलाय. झाशीत कचरा पेटवायला कुठं मुहूर्त लागतो! पण त्या सकाळी इलाइट चौराह्यावर, चारी बाजूंनी हॉर्न बोंबलत असताना, तिच्या स्कूल व्हॅनमधल्या सगळ्या पोरांनी एकदम नाकं दाबली.

"आंटी, किसने प्लास्टिक जलाया?" मागून गोलू ओरडला.

"तेरे टिफिन से आ रही है," दुसऱ्यानं त्याला टोला दिला, आणि पोरं खिदळायला लागली.

कांचनची मुलगी रेवा पुढच्या सीटवर होती. ती हसली नाही. तिनं डॅशबोर्डवर हात टेकला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"मम्मी, गरम है. बहुत गरम है."

रेवाला मराठी सगळं कळतं, पण जन्म झाशीच्या रेल्वे कॉलनीतला, म्हणून तोंडात हिंदी. कांचननं डॅशबोर्डखाली वाकून बघितलं. धुराची बारीक रेघ, उदबत्तीच्या धुरासारखी, वर चढत होती.

तिनं भर चौकात गाडी बंद केली. दार सरकवलं आणि एकेकाला दंडाला धरून खाली उतरवायला लागली.

"ओ मैडम! यहाँ गाड़ी खड़ी नहीं होगी!" वाहतूक हवालदार शिट्टी फुंकत धावला.

"खड़ी नहीं है भैया, जल रही है!"

त्या एका वाक्यानं हवालदाराची शिट्टी तोंडातच राहिली. मग भला माणूस, स्वतः दोन पोरं काखोटीला मारून फुटपाथवर पोचवून आला. गाडी बंद झाली तशी धुराची रेघही मोडली. कुणाला काही झालं नाही. पोरं रिक्षातून शाळेत गेली, आणि तिथं पोचेपर्यंत त्यांच्या गोष्टीत व्हॅनमधून सिनेमासारख्या ज्वाळा निघालेल्या होत्या.

कांचन मात्र मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. कारण धुराच्या आतली एक गोष्ट तिला ठाऊक होती, आणि ती गोष्ट घरचीच होती.

तिचा नवरा हणमंत इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये कामाला. पंचवीस हजार व्होल्टच्या तारेखाली उभ्या आयुष्याची भाकरी कमावणारा माणूस. उन्हाळ्यात व्हॅनचा एक फ्यूज सारखा उडायला लागला. पंखा बंद, पोरं घामानं चिंब. हणमंतनं फ्यूज बदलला, पुन्हा उडाला. परत बदलला, परत उडाला. तेव्हा तो हसून म्हणाला, "कांचन, आम्ही इंजिनं पळवतो. ही तर खेळण्यातली बारा व्होल्टची गाडी." आणि त्यानं पंधरा अँपिअरच्या जागी तीसचा जाड फ्यूज बसवला. फ्यूज उडायचा थांबला. त्या दिवशी हणमंतनं स्वतःची पाठ स्वतः थोपटून घेतली आणि कांचननं कौतुकानं शिरा केला.

फ्यूज उडायचा थांबला म्हणजे दुखणं बरं झालं, असं मानायचं. ओरडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि म्हणायचं, बघा, आता सगळं शांत. या देशात निम्मे कारभार असेच चालतात. घर तरी कसं सुटावं!

संध्याकाळी हणमंत शेडमधून आला तेव्हा कांचननं चहासुद्धा न देता विचारलं, "अहो, तुमच्या शेडमध्ये एखाद्या इंजिनाचा फ्यूज सारखा उडाला, तर तुम्ही काय करता?"

"इंजिन बाजूला काढतो. दोष सापडेपर्यंत लाइनवर जाऊ देत नाही."

"जाड फ्यूज घालून पाठवत नाही?"

"वेडी का काय तू! सस्पेंड करतील," हणमंत म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा उतरला.

"मग इंजिनाला एक न्याय आणि ज्या गाडीत आपली पोर बसते तिला दुसरा?"

हणमंत तसाच वळला. बूट न काढताच बाहेर गेला, टॉर्च घेऊन व्हॅनच्या डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि बराच वेळ तसाच पडून राहिला. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "बॅटरीची तार काढून ठेवलीय. ही गाडी आता हलणार नाही."

एवढ्यात कराडहून दिराचा फोन आला. लक्ष्मण म्हणजे हणमंतचा धाकटा भाऊ. गावाकडची शेती, म्हातारी आई आणि सगळ्या भाऊबंदांच्या चौकशा त्याच्याकडे. दसरा जवळ आला की त्याचा फोन ठरलेला.

"वहिनी, यंदा तरी येताय का सोनं लुटायला?"

"कसलं सोनं भावजी! इथं व्हॅन पेटता पेटता राहिली," कांचन म्हणाली आणि सगळं सांगितलं.

पलीकडे लक्ष्मण चाचरत म्हणाला, "वहिनी... तसं कंपनीचं मध्ये मध्ये काहीतरी येत होतं बघा माझ्या फोनवर. आपली गाडी घेऊन या, तपासणी फुकट, असं काहीबाही. मला वाटलं, जुनी द्या नि नवी घ्या, तसलं असंल. मी पुसून टाकायचो."

"पुसून टाकायचात?"

"एक ऱ्हायलाय बघा. धाडतो."

आता कंपनीचा निरोप कराडला कसा जातो, तर तीही आमच्याच लोकांची करामत. चाकरी उत्तरेत असली तरी गाडी घ्यायची ती गावाकडे, आणि तीही दसऱ्याला. हार घालून गावातून फिरवली नाही तर गाडी घेतल्याचं सुख ते काय! जवळच्या बबिन्याच्या लष्करी छावणीतले आपले फौजी तेच करतात, रेल्वेतले तेच करतात. हणमंतनंही कराडात गाडी घेतली, भावाचा मान म्हणून कागदावर भावाचा फोन नंबर दिला, गावातून मिरवली आणि मग झाशीला आणली. पुढे नंबरप्लेट इथली झाली, शाळेच्या व्हॅनचा परवानाही झाला. कंपनीच्या दप्तरात मात्र गाडी अजून कराडातच उभी होती.

लक्ष्मणचा निरोप आला. कांचननं तो मोठ्यानं वाचला. तुमच्या गाडीच्या वायरिंगमध्ये दोष संभवतो, तार घासून आग लागू शकते, कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये विनामूल्य बदलून मिळेल, तोवर गाडी चालवू नये.

"तोवर गाडी चालवू नये," तिनं पुन्हा वाचलं. एवढे दिवस ती याच गाडीत कॉलनीतली पोरं कोंबून नेत होती. आधी तिला भीती वाटली. मग त्याच भीतीचा राग झाला, आणि रागावर माणूस झोपू शकतो, भीतीवर नाही. ती झोपली.

दुसऱ्या दिवशी हणमंतनं सुट्टी टाकली. एका लोडरला, म्हणजे मालवाहू टेम्पोला, दोर बांधून व्हॅन ओढत ग्वाल्हेर रोडवरच्या शोरूमला नेली. पुढे काचेचा महाल, मागे वर्कशॉप. व्यवस्थापक पटैरिया जी गोड माणूस. गोड म्हणजे किती, तर नाही म्हणतानासुद्धा चहा पाजणारा.

"बहनजी, गाड़ी हमारे यहाँ से ली ही नहीं आपने. कराड ले जाइए."

"कराड किधर है मालूम है तुमको? जळती गाडी लेके मी कराडला जाऊ?" रागात कांचनची हिंदी मराठीत कोसळायची, ती कोसळली. तिनं फोन पुढे केला. "ये पढ़ो. कोई भी वर्कशॉप."

पटैरिया जींनी वाचलं, मान डोलावली, आणि एका मेकॅनिकला हाक मारून फ्यूजचा डबा उघडायला लावला. डबा उघडला आणि त्यांचा चेहरा उजळला. डॉक्टरचा चेहरा रोग्याचीच चूक सापडल्यावर उजळतो, तसा.

"ये तीस का फ्यूज किसने लगाया? ये तो छेड़छाड़ है. अब इसमें कंपनी क्या करे?" त्यांनी खिशातून मोबाइल काढून फोटो घेतला.

हणमंतनं मान खाली घातली. कांचनला वाटलं, हा आता बोलेल. तो बोलला नाही.

"काहे परेशान होती हैं," पटैरिया जी पुन्हा साखरेवर आले. "पुराना फ्यूज लगवा लीजिए, चलाइए आराम से. गर्मी में सबकी महकती है. दशहरे की डिलीवरी निपट जाए, पार्ट आएगा तो फोन कर देंगे."

"किसके फोन पे? कराडवाले?"

उत्तराऐवजी चहा आला.

व्हॅन परत दोरीनं घरी आली. कॉलनीत बातमी तिच्या आधी पोचली होती. गोलूची आई पुष्पा फाटकातच भेटली. तिचा नवरा फौजेत, बबिन्याला. ती पोराच्या शाळेसाठी झाशीत भाड्यानं राहायची. कांचनची मैत्रीण, पण पोराच्या बाबतीत कुणाची नाही.

"कांचनताई, वाईट वाटून घेऊ नका. गोलूला मी आजपासून मुन्नाच्या व्हॅनला लावलंय. बाकीच्यांनीही तेच केलंय."

"मुन्नाची व्हॅन?" कांचन ओरडलीच. "अगं, ती हीच गाडी! हीच कंपनी, हेच मॉडेल. त्याची तारसुद्धा घासत असणार!"

पुष्पानं पदर सावरला. "ताई, तुमची बंद पडली म्हणून दुसऱ्याची पेटणारच, असं कसं? पटैरियांनी सांगितलं म्हणे, तुमच्या यजमानांनीच काहीतरी वायर-बियर केली."

कांचनच्या तोंडावर कुणीतरी ओला फडका मारल्यासारखं झालं. काचेच्या महालातली गोष्ट कॉलनीत अशी चालत आली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती अर्धी खरी होती. पूर्ण खोट्याशी भांडता येतं. अर्ध्या खऱ्यापुढे माणूस तोतरा होतो.

त्या दिवसापासून रोज सकाळी मुन्नाची व्हॅन कॉलनीच्या फाटकाशी यायची. मुन्ना वाईट माणूस नव्हता. पोरांना चॉकलेट द्यायचा, गाणी लावायचा. कांचननं त्यालाही सांगून बघितलं. तो हसला. "भाभी, धंधे में जलन तो होती है. पर आप ऐसी नहीं थीं."

आता बोला! आग लागेल म्हणून सांगायला जावं, तर म्हणे हिच्याच पोटात आग पडलीय. रेवा रिक्षानं जायला लागली. बाकी सगळी पोरं त्या व्हॅनमध्ये दाटीवाटीनं बसायची, गोलू काचेला नाक लावून कांचन आंटीला टाटा करायचा, आणि ती फाटकाशी उभी राहून, व्हॅन वळणाआड जाईपर्यंत, धूर दिसतो का ते बघायची. तिचा धंदा गेला याचं दुःख तिला नव्हतं असं नाही. होतं, आणि ते तिनं लपवलंही नाही. पण त्या काचेवरच्या नाकापुढे ते दुःख लहान होतं.

कंपनीच्या मदत क्रमांकावर ती रोज फोन लावायची. तिथली बाई गोड आवाजात कराडच्या विक्रेत्याचा पत्ता सांगायची. कांचन म्हणायची, बाई मी झाशीत आहे. बाई म्हणायची, आम्हाला खेद आहे. खेद! खेद म्हणजे बिनखर्चाचं औषध, कुणीही कुणालाही द्यावं.

नवरात्र संपत आलं. शाळांना सुट्टी लागली, म्हणजे चार दिवस तरी पोरं सुरक्षित. खंडेनवमीला हणमंतनं नेहमीप्रमाणे पाटावर हत्यारं मांडली: टेस्टर, पक्कड, पाने. हळदकुंकू वाहिलं. मग झेंडूचा मोठा हार घेऊन व्हॅनकडे निघाला. कांचननं त्याची वाट अडवली.

"हार घालायचा नाही."

"अगं, वर्षाची पूजा. अपशकुन होईल."

"जळक्या तारेला हार घालण्याहून मोठा अपशकुन कुठला? आधी तार, मग हार."

हणमंत हार हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी मी तिथं बोलायला हवं होतं. मुंडी खाली घातली. शेडमधल्या लोकांना कळलं तर काय म्हणतील, हाच विचार डोक्यात."

"आता कळलंय सगळ्या कॉलनीला. आता कशाला भ्यायचं?" कांचन म्हणाली, आणि दोघंही हसली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

"उद्या दसरा," ती म्हणाली. "उद्या त्या काचेच्या महालात नवीन गाड्या सुटणार. नारळ, पेढे, भटजी. उद्या पटैरिया जी चहा पाजून कुणाला घालवू शकणार नाहीत."

मराठी मंडळाच्या आवारात कुण्या जुन्या साहेबानं लावलेलं आपट्याचं झाड आहे. दसऱ्याला सकाळीच तिथं बायकांची झुंबड. कांचननं पिशवी भरून पानं घेतली. पुष्पाही तिथं होती.

"पुष्पा, तासाभरासाठी माझ्याबरोबर चल. फक्त डोळ्यांनी बघायला. मी खोटी निघाले तर गोलू मुन्नाकडेच राहू दे, मी व्हॅन विकून टाकते. आणि खरी निघाले तर..."

पुष्पानं तिच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "चला. तसंही घरी यजमान नाहीत, पुरणपोळी कुणासाठी लाटायची!"

लोडरला पुन्हा दोर बांधला. शोरूमसमोर नव्या कोऱ्या गाड्यांची रांग होती, प्रत्येकीच्या नाकावर लाल फीत. फुगे, सनई, फोटोवाला. त्या रांगेच्या शेवटी, दोरीनं ओढलेली, हाराविना बोडकी व्हॅन येऊन उभी राहिली, लग्नघरी सुतकी माणूस यावा तशी.

कांचननं पिशवी घेतली आणि सरळ आत गेली. पहिल्याच गिऱ्हाइकापुढे तिनं पान धरलं.

"सोना लीजिए."

झाशीत दसऱ्याला एकमेकांना विड्याचं पान द्यायची रीत आहे. तो माणूस गोंधळला. "ये पान तो खाने का नहीं लगता."

"खाने का नहीं, रखने का. हमारे यहाँ आज के दिन ये सोना है. सोन्यासारखे रहा! कौन सी गाड़ी ली आपने?"

"वो सफेद कार."

"अच्छी है. मुबारक हो." ती पुढे सरकली. पुन्हा पान, पुन्हा नमस्कार. सगळे हसून घेत होते. सणाचं पान कोण नाकारणार? पटैरिया जींनी काउंटरमागून तिला बघितलं, ओळखलं, पण त्यांनाही हसावंच लागलं.

मग ती त्या व्हॅनपाशी आली. तिच्याच व्हॅनची जुळी बहीण, फीत बांधलेली. शेजारी जिल्ह्यातल्याच मऊरानीपूर गावचे एक मास्तर साहेब उभे. तिथं त्यांनी छोटी शाळा काढली होती, आणि शाळेसाठी ही पहिली गाडी. बरोबर त्यांची अम्मा, हातात नारळ, दगडावर फोडायच्या तयारीत.

"सोना लीजिए अम्मा," कांचन वाकून म्हणाली. "और एक बात. चाबी लेने से पहले पूछ लीजिए, इसका तार बदला कि नहीं."

"कौन सा तार?" मास्तरांनी विचारलं.

कांचननं फोन पुढे केला आणि बाहेरच्या बोडक्या व्हॅनकडे बोट दाखवलं. "मॉडल दोनों का मिला के देखो. मेरी वाली में बच्चे बैठे थे जब धुआँ निकला. मेरी अपनी लड़की बैठी थी."

सनई वाजत होती, पण सगळ्यांच्या माना बोडक्या व्हॅनकडे वळल्या. पटैरिया जी धावतच आले.

"मास्टर साहब, इनकी बात पर मत जाइए. इनके घरवाले ने ख़ुद छेड़छाड़ की है. ये देखिए फोटो!" त्यांनी मोबाइल सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. "तीस का फ्यूज! क्या ये भी कंपनी ने लगाया?"

"नहीं," मागून आवाज आला. हणमंत पुढे झाला. आज त्याची मान सरळ होती. "वो मैंने लगाया. ग़लत किया. रेल में करता तो नौकरी जाती, जानी भी चाहिए. पर पटैरिया जी, ये बताइए, मैंने पंद्रह का क्यों निकाला? क्योंकि वो बार-बार उड़ता था. क्यों उड़ता था? डैशबोर्ड खोलिए. सबके सामने खोलिए. मेरी ग़लती दिखेगी, तो आपकी भी दिखेगी."

पटैरिया जींनी इकडे तिकडे बघितलं. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला नव्हता.

"आज त्योहार है... वर्कशॉप बंद है..."

"वर्कशॉप में तो अभी दो लड़के गाड़ी धो रहे हैं," पुष्पा म्हणाली. आतापर्यंत ती नुसती बघत होती. "मैं ख़ुद देख के आई. मेरा बच्चा ऐसी ही गाड़ी में जाता है भैया. आप खोलते हो कि मैं बबीना फोन लगाऊँ? वहाँ सबके पास पाने हैं."

लोक हसले. पटैरिया जी नाही हसले. तेवढ्यात अम्मांनी नारळ पदरात गुंडाळून ठेवला आणि आपल्या बुंदेलीत निकाल दिला:

"पैलाँ तार बदलो, फिर फोरबी नारियल."

काचेच्या महालात त्यानंतर कुणाचं काही चाललं नाही. सणासुदीच्या दिवशी म्हातारीनं नारळ झाकून ठेवला, की ती डिलिव्हरी होत नाही. कंपनीचा कायदा झाशीत चालो ना चालो, हा कायदा चालतो.

बोडकी व्हॅन वर्कशॉपमध्ये ढकलली गेली. ढकलायला मास्तर होते, हणमंत होता, आणि सफेद कारवाला तो पहिला गृहस्थही होता, आपट्याचं पान खिशात खोचून. डॅशबोर्डचं झाकण निघालं. आतल्या तारांचा जुडगा एका लोखंडी पट्टीवर टेकून बसला होता. जिथं टेकत होता तिथलं प्लास्टिक घासून उडालं होतं, तांबं उघडं पडलं होतं, आणि दोन्हीकडे काळं, फुगलेलं, वितळून गोठलेलं. मेकॅनिकनं बोट लावलं तर तुकडा हातात आला.

मग कुणी न सांगता त्यानं मास्तरांच्या नव्या कोऱ्या गाडीचं झाकण काढलं. तोच जुडगा, तीच पट्टी. अजून घासलं नव्हतं, पण टेकलेलं होतं. वाट बघत होतं म्हणा.

पुष्पानं ते बघितलं आणि कोपऱ्यात जाऊन फोन लावला. "मुन्ना भैया? गाड़ी चलाना मत. जहाँ है वहीं खड़ी करो. हाँ, कांचन दीदी सही बोल रही थी. जलन-वलन कुछ नहीं. आओ इधर, देखो अपनी आँख से."

पार्ट यायचा होता म्हणे. पार्ट आलेला होता. मागच्या खोलीत खोक्यात बंद, नवीन जुडगे आणि पट्टीवर चढवायची रबरी टोपणं, आल्यापासून तसंच. फुकटच्या कामाला कंपनी मजुरी तुटपुंजी देते, आणि दसऱ्याच्या गर्दीत फुकटचं काम कोण करणार, एवढंच ते कारण. कुणी राक्षस नव्हता. आळस होता, आणि आळसाला कोट-टाय होता. आमच्याकडे माणसं राक्षसापेक्षा अशा आळसानंच जास्त मरतात.

पटैरिया जी खोक्यांशेजारी स्टुलावर बसले होते. गोडवा उतरला की माणूस थकलेला दिसतो. "बहनजी," ते म्हणाले, "ऊपर से रोज़ पूछते हैं, कितनी गाड़ी बेची. कितनी सुधारी, आज तक किसी ने नहीं पूछा."

"अब मैं पूछूँगी," कांचन म्हणाली. "रोज."

दुपार उतरली तेव्हा व्हॅनची तार बदललेली होती. हणमंतनं स्वतःच्या हातानं तीसचा फ्यूज उपटून काढला, पंधराचा बसवला, आणि तो जुना फ्यूज खिशात टाकला. "शेडमधल्या कपाटावर चिकटवणार," तो म्हणाला. "नव्या पोरांना दाखवायला."

कांचननं किल्ली फिरवली. पंखा लावला, दिवे लावले, वायपर लावले, जे जे लावता येईल ते सगळं लावलं, आणि डोळे मिटून नाकानं खोल श्वास घेतला. झेंडूचा वास आला. हणमंत हार घेऊन समोर उभा होता.

"आता घालू का?"

"घाला की. आता तिचा मान आहे."

बाहेर अम्मांनी दगडावर नारळ फोडला आणि पहिला तुकडा कांचनला दिला. कांचननं पिशवीच्या तळातलं पान काढून पटैरिया जींपुढे धरलं. त्यांनी घेऊ की नको असं करत घेतलं.

"सोना है. संभाल के रखना," ती म्हणाली. "और मुन्ना आ रहा है. आज उसका, और कल से बाकी सबका. आप फोन करते हो कि मैं करूँ?"

सुट्टी संपली. शाळेच्या पहिल्या दिवशी व्हॅन पुन्हा भरली. मुन्नाची वेगळी, कांचनची वेगळी, दोन्हींच्या तारा नव्या. गोलू आपल्या जुन्या जागेवर बसला आणि त्यानं जाहीर केलं की आता मजा गेली, आता काहीच जळत नाही.

वाटेत फोन वाजला. रेवानं उचलला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे लक्ष्मण.

"वहिनी, कंपनीचा मेसेज आलाय माझ्या फोनवर! तुमची गाडी दुरुस्त झाली, तुम्ही समाधानी आहात का, असं इचारत्यात. काय लिहू?"

"लिहा, नाही," कांचन म्हणाली. "लिहा, आधी फोन नंबर बदला."

इलाइट चौराह्यावर सिग्नल लाल झाला. रेवाच्या बाजूला एक व्हॅन येऊन थांबली. तेच मॉडेल, आत चिंचा भरल्यासारखी पोरं, चालक अनोळखी. कांचननं हात लांबवून रेवाच्या बाजूची काच खाली केली.

"ड्राइवर को आवाज दूँ?" रेवानं विचारलं. आणि मग, आईकडे न बघता, अडखळत, मराठीत: "मी... मी सांगते."

तिनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि चौकातल्या सगळ्या हॉर्नांच्या वर आवाज चढवून ओरडली, "भैया! ओ भैया! आपकी गाड़ी का तार बदला?"